भाषण घरी, हिशेब बैठकीत

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत 'आपली प्रशिक्षण शिबिरे' या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशिक्षणाचा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नेहमी शेवटी असतो. जेवणे झालेली असतात, निम्मी माणसे एसटी गाठायला उठलेली असतात, आणि मग कोणीतरी म्हणते, 'शिबिरांचे पुढच्या वेळी बोलू.' या वेळी हा विषय आम्ही मुद्दाम सकाळी पहिला मागून घेतला. कारण २०२४ च्या दिवाळीनंतर आमची एक फजिती झाली आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली गेले होते. आम्ही सत्तावीस जण निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी चहा दिला, निवेदन वाचले आणि शांतपणे विचारले, 'भाव परवडत नाही म्हणता, बरोबर आहे. तुम्हाला एका क्विंटलला खर्च किती येतो?' एक जण म्हणाला तीन हजार. दुसरा म्हणाला सहा हजार. तिसरा म्हणाला, 'साहेब, ते काय विचारता, परवडत नाही एवढे खरे.' कोणाच्याही खिशात कागद नव्हता. साहेब म्हणाले, 'हिशेब घेऊन या, मग बोलू.' आम्ही घोषणा देत पायऱ्या चढलो होतो, उतरताना कोणी बोलले नाही.

त्या सत्तावीस जणांतला प्रत्येक जण आपल्या एका तरी शिबिराला बसलेला होता. 'शेतीमालाचा उत्पादन खर्च' या विषयावर दीड-दीड तास भाषण त्याने ऐकले होते. भाषणातले विनोददेखील अनेकांना पाठ होते. स्वतःच्या रानाचा खर्च मात्र एकालाही सांगता आला नाही.

ही माणसे मठ्ठ नाहीत. कोणत्या दुकानात खत उधारीवर केवढ्याला पडते आणि रोख केवढ्याला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. चूक त्यांची नाही. शिकवणाऱ्यांची आहे, म्हणजे आमची आहे.

सगळ्यात महाग दिवस

आपले शिबिर कसे चालते ते पाहा. वेळ दहाची, सुरुवात बाराला. हार, नारळ, सत्कार. मग प्रास्ताविक. मग मुख्य वक्ता दीड तास. शेवटी 'कोणाला काही शंका?' असे विचारले जाते. कोणी हात वर करत नाही, किंवा एखादा आपल्या जळालेल्या डीपीची कैफियत मांडतो. मग जेवण. मग ठराव. मग पांगापांग.

त्या दिवसाची किंमत आम्ही कधी धरली नाही. उत्पादन खर्चावर बोलणाऱ्यांनी तरी ती धरायला हवी होती. साठ माणसे आली तर साठ मजुरीचे दिवस गेले. वर गाडीभाडे. वर धारेची वेळ चुकते ती वेगळीच. बाई आली असेल तर तिने पहाटे तीनला उठून स्वयंपाक उरकलेला असतो. एवढी माणसे एका जागी वर्षातून दोन-तीनदाच जमतात. आणि हा दिवस आम्ही कशावर घालवतो? जे एकट्याने, घरी, गोठ्यात बसूनही करता येते त्यावर, म्हणजे ऐकण्यावर.

खरे अवघड काम पुढचे असते. आपले आकडे कोष्टकात बसवायचे. बैलांचा खर्च कुठे धरायचा, घरचे बियाणे कोणत्या भावाने मांडायचे, फुटलेली पाइपलाइन एका पिकावर टाकायची की पाच वर्षांवर, हे ठरवायचे. तिथे माणसाला सोबत लागते. आणि नेमके ते काम आम्ही 'घरी जाऊन करा' म्हणून सोडून देतो. दिवसभर कामाने मोडलेला माणूस रात्री दिव्याखाली वही उघडतो, दुसऱ्या ओळीवर अडतो आणि वही मिटतो. ती पुन्हा उघडत नाही.

सोपे काम आपण सगळे मिळून करतो आणि अवघड काम एकेकट्यावर टाकतो. शेतात असे करणाऱ्याला आपण वेडा म्हटले असते.

उलटा वर्ग

हा क्रम उलटा करता येतो. शिकवण्याच्या धंद्यातल्या माणसांनी तो केलाही आहे. त्याला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात, आपण उलटा वर्ग म्हणू.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे दोन शिक्षक रसायनशास्त्र शिकवत. अंतरे लांब, मुले खेळांच्या सामन्यांसाठी बाहेरगावी जात आणि त्यांचे तास बुडत. २००७ साली या दोघांनी आपली व्याख्याने ध्वनिचित्रित करून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे बुडालेला तास मुलाला नंतर पाहता यावा. पुढे त्यांच्या लक्षात आले, की मुलाला शिक्षकाची गरज व्याख्यान ऐकताना कमी असते आणि उदाहरण सोडवताना अडल्यावर जास्त असते. मग सगळ्यांनीच व्याख्यान घरी पाहायचे आणि उदाहरणे वर्गात शिक्षकासमोर सोडवायची, असे त्यांनी ठरवले. उलट्या वर्गाची एवढीच गोष्ट आहे.

हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर पदार्थविज्ञान शिकवत. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेत गुणही चांगले पडत. १९९० च्या सुमारास त्यांनी साध्या, रोजच्या व्यवहारातल्या प्रश्नांची एक चाचणी घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तर तुम्ही शिकवले तसे लिहायचे, की मला खरोखर वाटते तसे? माझूर हादरले. शिकवलेले एका कप्प्यात आणि खरे मत दुसऱ्या कप्प्यात, असा प्रकार होता. पुढे त्यांनी वाचन घरी द्यायला आणि वर्गात प्रश्न घालून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद लावून द्यायला सुरुवात केली. प्राध्यापकाला दहा मिनिटांत जे उलगडून सांगता आले नव्हते ते पोरे एकमेकांना दोन मिनिटांत पटवू लागली.

आमच्या सत्तावीस जणांचे तेच झाले होते. शिबिरातले उत्पादन खर्चाचे भाषण एका कप्प्यात, आणि आपल्या रानाचा अनुभव दुसऱ्या कप्प्यात.

आपल्या मातीतले

हे सारे परदेशी म्हणून बाजूला सारू नका. कीर्तन आठवा. पंढरीच्या वाटेवर कीर्तनाला बसलेल्या माणसाला अभंग आधीच पाठ असतो. बुवांचा अर्धा चरण झाला की पुढचा मंडप म्हणतो. अभंग घरून आणलेला असतो, म्हणूनच तिथे अर्थ फुलतो.

शेतीतले मोठे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त, कारण औषधाने तुडतुडे खाणारे कोळीही मरत होते. १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याच्या मनातली भीती जात नाही. म्हणून १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर आठवड्यातून एकदा बांधावर जमत. सकाळी भातात उतरून किडी आणि कोळी मोजत, पाहिलेले कागदावर काढत आणि फवारायचे की नाही ते आपसात वाद घालून ठरवत. भाषण जवळजवळ नव्हतेच. आपल्याकडचा कृषी विभागही शेतीशाळा घेतो. जिथे ती बांधावर होते तिथे माणसे शिकतात, जिथे ती समाजमंदिरात खुर्च्या मांडून होते तिथे तिचे पुन्हा भाषण होते.

आणि आपल्या चळवळीचे काय? शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले आणि १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन त्यांनी शेती केली. स्वतः राबून स्वतःचा हिशेब मांडला, तेव्हा तोटा का होतो हे त्यांना कळले. पुढचा सगळा विचार त्या हिशेबातून निघाला. आम्ही विचार उचलला, पाठ केला, लाउडस्पीकरवरून गावोगाव सांगितला. तो विचार ज्यातून निघाला ती वही मात्र आंबेठाणलाच राहिली.

निंदणीचे दिवस

म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही तीन गावांत उलटे शिबिर करून पाहिले. पंधरा दिवस आधी एक पानी कागद आणि बारा मिनिटांचे बोलणे मोबाइलवर पाठवले. बोलण्यात एवढेच होते: खर्चाच्या तीन पायऱ्या कोणत्या. पहिली, खिशातून गेलेला पैसा: बियाणे, खत, औषध, मजुरी, भाडे, डिझेल, खेळत्या भांडवलाचे व्याज, अवजारांची झीज. सरकारी भाषेत ही ए-टू. दुसरी, त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवायची. ही ए-टू अधिक एफ-एल. तिसरी, त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज. ही सी-टू. कागदावर तीच कोष्टके कोरी. सांगावा असा: कागद भरून आणा, मालाची पट्टी आणा आणि अडलेला एक प्रश्न आणा.

शिबिरात व्यासपीठ नव्हते. पाच-पाच जण सतरंजीवर, मध्ये वह्या. आम्ही फिरत होतो.

एका गटात एका शेतकऱ्याचा एकरभर सोयाबीनचा हिशेब चालला होता. खिशातला खर्च १६,५०० रुपये, उतारा ६ क्विंटल, म्हणजे क्विंटलला २,७५० रुपये. माल विकला ४,१०० ने. क्विंटलमागे १,३५० रुपये नफा. गडी गोंधळला. म्हणाला, 'मग घरात पैसा दिसत का नाही?'

त्याची बायको मागे बसली होती. तिने विचारले, 'निंदणीचे दिवस कुठे धरले?'

घरच्या मजुरीचा रकाना कोरा होता. मग दिवस मोजायला बसले. तारखा कोणाला आठवणार? तिने सणांवरून मोजले. नागपंचमीच्या आधी इतके, पोळ्याच्या आधी इतके, काढणीला इतके. तिचे आणि सासूचे मिळून १४ दिवस निघाले. ३०० रुपयांनी ४,२०० झाले. त्याचे स्वतःचे ९ दिवस, ५०० रुपयांनी ४,५०० झाले. घरची मजुरी ८,७०० आणि एकूण खर्च २५,२०० रुपये. क्विंटलला ४,२००. विकले ४,१०० ने. नफा गेला आणि शंभर रुपये तोटा आला. जमिनीचा खंड १०,००० धरला तर खर्च ५,८६७ वर जातो.

सारा गट गप्प झाला. मग शेजारचा म्हणाला, 'म्हणजे तो नफा नव्हता. ती हिची मजुरी होती.'

भावांनो, हे वाक्य आम्ही वीस वर्षे भाषणात सांगत आलो. तिथे ते कोणी सांगितले नाही, निघाले. आणि त्या बाईला आता ते कोणी विसरायला लावू शकणार नाही.

त्याच गटात पुढचा प्रश्न आपोआप आला. २०२४-२५ साठी सरकारने सोयाबीनचा खर्च ३,२६१ धरला आणि त्याच्या दीडपट ४,८९२ हा हमीभाव ठरवला. मग आमचा खर्च ४,२०० कसा? आता ऐकणाऱ्याला उत्तराची भूक होती. सरकारचा आकडा दुसऱ्या पायरीचा, म्हणजे घरच्या मजुरीपर्यंतचा आहे. तिसरी पायरी त्यात नाही. शिवाय तो राज्याराज्यांच्या खर्चाची देशभराची सरासरी आहे, तुमच्या माळरानाचा नाही. दीडपट कोणत्या पायरीच्या, यावरच देशभर भांडण आहे. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली. शिबिराच्या भाषणात यालाच पाऊण तास लागत असे आणि तरी ते कोणाच्या डोक्यात उतरत नसे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिशेब आपल्या घोषणेच्या बाजूनेच निघेल असे नाही. दुसऱ्या गटात एकाने वही भरली आणि त्याच्या ध्यानात आले, की दोन फवारण्या त्याने केवळ शेजाऱ्याने केल्या म्हणून केल्या होत्या. तो तोटा सरकारच्या खात्यावर टाकता येत नव्हता. त्याने तो आपल्या खात्यावर घेतला. असा माणूस भावाची मागणी करतो तेव्हा तिला वजन येते.

काय चुकले

पहिल्या गावात निम्म्याहून अधिक माणसे कागद न भरता आली. आमचा धीर सुटला आणि आम्ही सगळे भाषण पुन्हा केले. ही मोठी चूक होती. जे तयारी करून आले होते त्यांचा दिवस फुकट गेला. न केलेल्यांना कळले, की न करता आले तरी चालते. दुसऱ्या गावात आम्ही न भरलेल्यांना वेगळ्या सतरंजीवर बसवले, मोबाइल आणि कागद दिला, अर्ध्या तासात पाहून कच्चे आकडे भरा आणि मग गटात या, असे सांगितले. रागावलो नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत ओशाळे केले तर तो पुन्हा येत नाही. तिसऱ्या गावात बहुतेक जण भरून आले.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय, असे विचाराल. एका गावात शाळेतल्या पोरीने आजोबांचा कागद भरला. आजोबा सांगत गेले, ती लिहीत गेली. तिसऱ्या ओळीवर पोरीनेच विचारले, 'आजोबा, आजीचे दिवस?' मोबाइल सगळ्यांकडे नाही, असला तरी तो गड्याच्या खिशात असतो. म्हणून बायकांसाठी एकीच्या ओसरीवर निवडण-टिपण करताना ते बोलणे ऐकवावे लागते. हे गावच्या कार्यकर्त्याने करायचे आहे, आणि त्याला सत्कार नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र ऐकणाऱ्यांची नाही, बोलणाऱ्यांची आहे. आम्हाला माइकची सवय झाली आहे. गटागटांत फिरायचे, विचारल्याशिवाय बोलायचे नाही, आणि 'हे मला माहीत नाही, विचारून सांगतो' असे म्हणायचे, हे जड जाते. टाळ्या पडत नाहीत. पण सभेसाठी भाषण आहेच. हजारोंच्या मेळाव्यात माणसाला बळ मिळते, ते भाषणानेच. ते सोडा असे आम्ही म्हणत नाही. सभा पेटवण्यासाठी आहे, शिबिर शिकण्यासाठी आहे. शिबिराची सभा करू नका एवढेच म्हणणे आहे.

अडत्यासमोर, बँकेच्या खिडकीपाशी, कार्यालयाच्या टेबलासमोर शेतकरी एकटा असतो. तिथे आमचे भाषण त्याच्या सोबत जात नाही. त्याने स्वतःच्या हाताने मांडलेला हिशेब जातो.

पुढच्या बैठकीसाठी

तुम्ही मनात म्हणत असाल, भाषण नको हे सांगायला यांनी भाषणच केले. खरे आहे. म्हणूनच हा मजकूर छापून तुमच्या हातात दिला आहे. आज न आलेल्यांना तो वाचून दाखवा. पुढच्या बैठकीत आम्ही तो पुन्हा बोलणार नाही.

मागच्या पानावर खर्चाचा कोरा कागद आहे. तुमच्या मुख्य पिकाचा, एका एकराचा, तो भरा. घरच्या मजुरीचा रकाना गड्याने एकट्याने भरायचा नाही, बायकोला शेजारी बसवून भरायचा. बाजारची पट्टी जोडा. अडेल तिथे खूण करा, कोरे सोडले तरी चालेल. प्रत्येक तालुक्याने दोन माणसे निवडावीत, जी गटात बसतील आणि कमी बोलतील.

पुढच्या बैठकीला हार-नारळ नाहीत, माइक नाही. सतरंज्या असतील. वह्या जुळल्या, आकडे तपासून झाले, की त्या कार्यालयाच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या आहेत. साहेब तोच प्रश्न विचारतील. या वेळी उत्तर आम्ही देणार नाही. निंदणीचे दिवस मोजणारी ती बाई देणार आहे, तिने यायचे कबूल केले आहे.

भीक नको, हवे घामाचे दाम, असे आपण म्हणत आलो. तो घाम किती दिवसांचा, ते आधी मांडून आणा.